माळ्यावरची पेटी खाली काढा

पत्र : मी २९ वर्षांचा असून जळगावात आई आणि धाकट्या बहिणीसोबत राहतो. पाण्याच्या नळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. पगार ३४ हजार रुपये आहे. गेल्या सहा वर्षांत मी जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकांतील पात्रांच्या २३ फिगर, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती, जमवल्या आहेत आणि त्यांवर महिन्याला सरासरी तीन हजार रुपये खर्च होतात. आईला मी सांगितले आहे की, प्रत्येक फिगर चारपाचशे रुपयांची असते. एप्रिलमध्ये सोयरिकीसाठी पाहुणे येणार होते, म्हणून आईने काचेच्या कपाटावर जुनी साडी टाकली. पारोळ्याचे मामा सगळ्या घरादेखत म्हणाले, ‘इतला मोठा व्हयना, तरी बाहुल्या खेयस का रे?’ सगळे हसले. त्याच रात्री मी सर्व फिगर लोखंडी पेटीत भरून माळ्यावर ठेवल्या. पाऊस लागल्यावर पेटी उघडली, तेव्हा तीन फिगर एका बाजूला कलल्या होत्या आणि एकीचे सगळे अंग चिकट झाले होते. सोयरीक जवळजवळ ठरली आहे, पण मुलीला यातले काही माहीत नाही. हा नाद मी सोडून द्यावा का? आणि सोडायचा नसेल, तर मामांना काय उत्तर द्यावे?
— एक संग्राहक, जळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले आणि दुसऱ्या वाचनात माझे लक्ष मामांच्या वाक्यावरून त्या पेटीकडे गेले. जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, वर तापलेला पत्रा असतो, आणि अशा माळ्यावर बंद लोखंडी पेटीत तुम्ही सहा वर्षांचा संग्रह ठेवलात. त्याचे काय होणार, हे आमच्यापेक्षा तुम्हाला अधिक चांगले ठाऊक असायला हवे होते, कारण तुम्ही रोज ज्याची तपासणी करता तेच पीव्हीसी या फिगरमध्येही असते. नळीचे पीव्हीसी कडक असते आणि साधारण ८० अंशांपर्यंत आपला आकार सोडत नाही. फिगरमध्ये मात्र केसांच्या बटा, वाऱ्यावर उडणारी वस्त्रे, बोटांची टोके अशा नाजूक भागांसाठी त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते लवचीक केलेले असते, त्यामुळे ते पुष्कळ कमी उष्णतेत मऊ पडते आणि एका पायावर तोललेले सगळे शरीर स्वतःच्याच भाराने हळूहळू झुकते. चिकटपणाचे कारणही तेच. उष्णतेमुळे प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येतो आणि बंद जागेत हवा खेळत नसल्यामुळे तिथेच साचून राहतो. म्हणजे सहा वर्षे उघड्या कपाटात ज्या वस्तूंना काही झाले नाही, त्या लपवल्यानंतर दोन महिन्यांत बिघडल्या. नाद सोडावा का, या तुमच्या प्रश्नाकडे मी येतेच, परंतु उत्तर काहीही असले तरी ती पेटी आजच खाली काढा. पावसाची उघडीप होऊन ऑक्टोबरचे ऊन पडले की, तो माळा पुन्हा तापणार आहे.

आता मामांविषयी. त्यांचे वाक्य तुम्हाला लागले, हे स्वाभाविक आहे, कारण ते एकांतात बोलले गेले नाही; ज्या दिवशी तुम्ही कर्ता मुलगा म्हणून उभे राहणार होता, त्याच दिवशी ते सगळ्यांसमोर बोलले गेले. तरीही त्या वाक्यात एक प्रामाणिक गैरसमज आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नाही. मामांच्या दृष्टीने ॲनिमे म्हणजे घरातली लहान मुले जेवताना पाहतात ती हिंदी बोलणारी कार्टून, आणि प्लास्टिकची माणसाकृती वस्तू म्हणजे जत्रेतून आणलेली बाहुली. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या, युद्ध, अपराध, मृत्यू, एकाकीपणा अशा विषयांवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिका जपानमध्ये असतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. सहा वर्षे घरात ये-जा असूनही तुम्हीसुद्धा ते सांगितलेले नाही.

‘बाहुली’ हा शब्द ऐकून तुम्ही खाली मान घातलीत, याचे मला अधिक वाईट वाटले. बाहुली ही लाज वाटण्याजोगी वस्तू आहे, असे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते, कोणी तिला गुलाबाई म्हणतात. रंगवलेली मातीची जोडी घरात आणली जाते, मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात, आणि त्या घोळक्यात कडेला बसून गाणे पुढे चालवणाऱ्या आजीचे वय कोणी काढत नाही. माझी आई बाजारातून भुलाबाई निवडताना दहा जोड्या हातात घेऊन पाही आणि डोळे नीट उमटले नसतील तर ती जोडी परत ठेवी. ‘हिची नजरच लागत नाही,’ एवढेच ती म्हणे. पुढे ॲनिमेच्या फिगर जमवणाऱ्या मुलांशी बोलताना मला हेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा ऐकायला मिळाले, कारण तेही सर्वांत आधी डोळेच पाहतात. एक सावधगिरी मात्र बाळगा : मामांशी बोलताना पूजेच्या मूर्तीशी तुमच्या फिगरची बरोबरी करू नका. त्यांच्या मनातले देवाचे स्थान वेगळे आहे आणि ते तसेच असू द्यावे. सारखेपणा आहे तो घडवणाऱ्या हाताचा आणि निवडणाऱ्या डोळ्याचा, आणि बोलायचे असेल तर तेवढ्याविषयीच बोला.

त्या हाताविषयी तुम्हाला बरेच सांगता येईल. कागदावरच्या पात्राला फक्त समोरची बाजू असते. चित्रकार केसांच्या आडूनही भुवई दाखवतो, एका बाजूने सुंदर दिसणारी बट दुसऱ्या बाजूने कुठे जाते याची त्याला फिकीर नसते. शिल्पकाराला मात्र त्याच पात्राला पाठ, मान, तळवे द्यावे लागतात आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी ते तेच पात्र वाटले पाहिजे. पूर्वी हे काम हाताने घडवून होई, आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. त्यातून आधी राखाडी रंगाचा नमुना तयार होतो, मूळ कलाकृतीचे हक्कदार तो तपासतात, मग रंगवलेला नमुना तयार होतो आणि त्यानंतर धातूचे साचे. डोळे बहुधा छपाईच्या तंत्राने, एकावर एक रंगांचे थर देऊन उमटवले जातात, आणि गालावरची लाली किंवा वस्त्रांच्या चुण्यांमधील सावली रंगाच्या फवाऱ्याने दिली जाते. १६० सेंटीमीटर उंचीचे पात्र १/७ प्रमाणात केले की, ते साधारण २३ सेंटीमीटरचे होते, आणि तेवढ्या उंचीत हे सगळे बसवायचे असते. आगाऊ नोंदणी केल्यावर वस्तू हाती यायला अनेकदा वर्ष लागते, त्यामागचे कारण हेच. तुम्ही कारखान्यात साच्यातून निघालेल्या नळीची जाडी मोजता. साच्याच्या जोडाची रेघ केसांच्या बटेत कशी लपवली आहे, हे तुमच्या घरात तुमच्याइतके कोणाला कळणार? मामांना फिगर हातात द्या, तळाकडून पाहायला सांगा आणि ती रेघ शोधायला लावा. वाद घालण्यापेक्षा हे फार उपयोगाचे आहे.

या छंदाचे मूळ मोठ्या कंपन्यांत नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते. जपानमध्ये हौशी माणसे घरच्या घरी रेझिन ओतून, न रंगवलेले सुटे भाग एकमेकांना विकत असत. त्यांना ‘गॅरेज किट’ म्हणतात. अशा लोकांसाठी १९८५ पासून ‘वंडर फेस्टिव्हल’ भरू लागला. पुढे १९९२ पासून ओसाका भागातील ‘काइयोदो’ या कंपनीने त्याचे आयोजन हाती घेतले, आणि ही कंपनीसुद्धा १९६४ मध्ये एका छोट्याशा दुकानापासून सुरू झालेली. त्या मेळ्यातील एक व्यवस्था मला अतिशय आवडते : एखाद्या पात्राची मूर्ती घडवून विकण्याचा हक्क हौशी शिल्पकाराला फक्त त्या एका दिवसापुरता मिळतो. वर्षभर नोकरी करून रात्री घडवलेली वस्तू तो त्या दिवशी मांडतो आणि संध्याकाळी हक्क संपतो. आज तुमच्या संग्रहात असलेल्या तयार, रंगवलेल्या फिगर या परंपरेतूनच पुढे आल्या. दहा सेंटीमीटरच्या आसपासची, मोठ्या डोक्याची ‘नेंडोरॉइड’ तर २००६ पासूनची आहे.

आणि उपहास जपानलाही चुकलेला नाही. ‘ओताकु’ हा शब्द अशा छंदिष्टांसाठी १९८३ मध्ये एका मासिकातील लेखातून रुजला, तो हिणवण्यासाठीच. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीतील हजारो व्हिडिओ कॅसेटींची छायाचित्रे सगळीकडे छापून आली आणि ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते अशा असंख्य मुलांकडे शेजारी संशयाने पाहू लागले. आज त्याच देशाचे सरकार या कलाप्रकारांचा परदेशात अभिमानाने प्रचार करते. मधल्या काळात संग्राहकांनी आपल्या वस्तू लोकांसमोर मांडल्या, मेळे भरवले, घडवणाऱ्यांची नावे सांगितली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दृष्टिकोन बदलण्यात या मांडण्याचा वाटा मोठा आहे.

आपल्या खानदेशातही एक माणूस असा होऊन गेला. चाळीसगावचे केकी मूस छायाचित्रकार होते, संग्राहक होते, आणि त्यांची विशेष ख्याती ‘टेबल टॉप’ छायाचित्रणासाठी होती. टेबलावर घरातल्या साध्यासुध्या छोट्या वस्तू मांडून ते असे दृश्य उभे करत की, पाहणाऱ्याला ते मोकळ्या जगात टिपलेले वाटावे. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. फिगर जमवणारी अनेक मुले आज तेच करतात : मूठभर माती, एखादी वाळकी काडी, खिडकीतून येणारा उजेड, आणि मध्ये ती फिगर. तुम्ही असे फोटो काढता की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. काढत नसाल तर एकदा चाळीसगावला जाऊन या. मामांना सोबत नेता आले तर अधिक चांगले. मूस यांनी अनेक दशके घराबाहेर जवळजवळ पाऊल ठेवले नाही, ही गोष्ट मामा कदाचित काढतील आणि त्यांना ती काढू द्या. तो एकांत तुम्ही उचलावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. छोट्या वस्तूकडे एवढ्या गांभीर्याने पाहणारा मोठा माणूस आपल्याच जिल्ह्यात राहिला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे, इतकेच.

आतापर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले आणि ते मनापासून बोलले. परंतु एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते आणि ती मामांच्या वाक्यापेक्षा गंभीर आहे. आईला तुम्ही खोटी किंमत सांगितलीत. जपानमध्ये ठरावीक प्रमाणात घडवलेल्या मोठ्या ‘स्केल फिगर’ची किंमत आज बहुधा १५ ते ३० हजार येनांच्या दरम्यान असते, त्यावर पाठवणावळ येते, शिवाय आपल्याकडे खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. खेळकेंद्रांतील यंत्रांसाठी बनवलेल्या, त्यामानाने स्वस्त ‘प्राइझ फिगर’सुद्धा इथे चारपाचशेला मिळत नाहीत, त्या किमतीत बहुतेक वेळा नक्कलच येते. उद्या एखादे बिल आईच्या हाती लागले, तर तिला तीन हजारांचे दुःख होणार नाही, सहा वर्षांचे होईल. ३४ हजारांतून तीन हजार हा खर्च घर चालवून, आईच्या औषधपाण्याला हात न लावता होत असेल, तर तो लपवण्याजोगा नाही. इतर मुलांचे तेवढे पैसे बाहेरच्या खाण्यात आणि गाडीच्या सजावटीत जातात आणि त्याचा हिशेब त्यांना कोणी मागत नाही. पण तो हिशेब तुम्ही स्वतःहून दाखवला पाहिजे. एक वही करा. त्यात तारीख, किंमत, कर, पाठवणावळ आणि आगाऊ नोंदणी केलेल्या, अजून पैसे द्यायचे असलेल्या फिगर लिहा. ही शेवटची नोंद सर्वांत आवश्यक आहे, कारण वर्षभरापूर्वी नोंदवलेल्या तीन फिगर एकाच महिन्यात आल्या आणि तोच महिना लग्नाच्या खरेदीचा असला, तर ओढाताण तुमच्या एकट्याची राहणार नाही.

मामा असेही म्हणणार की, एवढ्या पैशांत सोने घेतले असते. जळगावात हा प्रश्न येणारच. त्यावर ‘यांचीही किंमत वाढते’ असे उत्तर देऊ नका, मोह झाला तरी. काही फिगर पुढे महाग होतात हे खरे, पण कंपनीने तीच फिगर पुन्हा काढली की, भाव उतरतो, आणि माळ्यावर वाकलेल्या फिगरला तर कोणी विचारत नाही. बचत सोन्यात करावी, ठेवीत करावी, ती वेगळी करावी. आवडीसाठी घेतलेल्या वस्तूला गुंतवणुकीचा मुलामा देणारा माणूस स्वतःच्या आवडीची लाज बाळगत असतो, आणि समोरच्याला ते चटकन कळते.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. या क्षेत्रात अंगप्रदर्शन करणाऱ्या स्त्री-पात्रांच्या फिगर भरपूर निघतात आणि बाहेरच्या लोकांच्या मनातला आक्षेप पुष्कळदा त्यांच्यामुळे असतो. तुमच्या २३ मध्ये तशा आहेत की नाही, मला माहीत नाही. असतील तर सगळा आक्षेप अडाणीपणाचा आहे, असे म्हणता येणार नाही. आईने आणि बहिणीने ज्या खोलीत वावरायचे, तिथे काय मांडावे, याला त्यांची संमती असली पाहिजे. हा विचार तुम्ही स्वतःच करून त्या वेगळ्या ठेवल्यात, तर उरलेल्यांविषयी तुम्हाला ताठ मानेने बोलता येईल.

आता मुलीविषयी. तिला साखरपुड्याच्या आधी सांगा आणि तोंडी सांगून थांबू नका, कपाट दाखवा. दोन्ही घरच्यांची परवानगी घेऊन तिला आणि तिच्या घरच्यांना चहाला बोलवा, आणि त्या दिवशी साडी कपाटावर नको. ती हसली तर हसू द्या. तिने किंमत विचारली तर खरी सांगा, वही दाखवा, आणि लग्नानंतर महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवायचा, हेही सांगा. तिचीही एखादी आवड असेल, जी तिने पाहुण्यांसमोर झाकून ठेवली असेल. तिला तेवढ्याच आस्थेने विचारा आणि ती बोलेल तेव्हा मध्ये फिगरची गोष्ट आणू नका. तिला हे सगळे अजिबात पटले नाही, असेही होऊ शकते. तसे झाले तर लग्नाआधी कळलेले बरे. लग्नानंतर सहा महिन्यांनी तिनेच पेटी शोधून काढणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

नाद सोडावा का, हे तुम्ही मला विचारले आहे आणि मी या प्रश्नावर तटस्थ नाही. माझा थोरला भाऊ काडेपेट्यांवरची चित्रे जमवत असे. बसस्थानक, पानटपरी, लग्नाचे मांडव, जिथे मिळेल तिथून तो ती उचलून आणी आणि जुन्या वहीत भाताच्या शिताने चिकटवी. तो अकरावीत नापास झाला, तेव्हा वडिलांनी त्या तिन्ही वह्या सकाळी बंबात घातल्या आणि त्याच पाण्याने त्याला आंघोळ करायला सांगितले. वडील वाईट नव्हते, त्यांना पोराची काळजी होती. पुढच्या वर्षी भाऊ पास झाला, नोकरीला लागला, संसार केला. आज तो सत्तरीत आहे आणि कुठल्याही टपरीवर उभा राहिला की, काडेपेटी उलटी करून पाहतो आणि परत ठेवतो. त्यानंतर त्याने काहीही जमवले नाही. सोडू नका. ज्या घरात हिशेब उघडा आहे, कामाकडे दुर्लक्ष नाही आणि कोणाच्या तोंडचा घास जात नाही, त्या घरात माणसाने काय पाहून आनंदी व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार मामांना नाही. त्यांच्या वाक्याला त्या दिवशी उत्तर दिले नाहीत ते बरेच झाले. पुढच्या वेळी ते आले की, ‘मामा, बसा, एक दाखवतो’ एवढेच म्हणा.

कपाट खिडकीपासून दूर, खालच्या खोलीत ठेवा. थेट ऊन पडू देऊ नका, कारण उन्हाने रंग फिका पडतो आणि पांढरा भाग पिवळसर होतो. आठवड्यातून एकदा काचेचे दार थोडा वेळ उघडे ठेवा. चिकट झालेली फिगर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने हलकेच धुवा आणि सावलीत वाळवा. कललेल्या तिघींसाठी हाताला सोसवेल इतके गरम पाणी घ्या, वाकलेला भाग काही मिनिटे त्यात बुडवा, मऊ पडला की जोर न करता सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्याखाली न्या. एका वेळेत झाले नाही तर पुन्हा करा. हे काम एकट्याने रात्री करू नका. सकाळी स्वयंपाकघरात करा, कारण एका हाताने फिगर धरून दुसऱ्या हाताने पाणी ओतणे जमत नाही, आणि गार पाण्याचा तांब्या आईच्या हातात द्या.